मारुती ८०० चे इंजिन घरीच उतरवून बांधताना

मारुती ८०० मधील ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन लहान आणि तुलनेने हलके असल्यामुळे, मजबूत तुळई व चेनपुली उपलब्ध असल्यास ते अंगणातही उतरवता येते. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, कुलंट व ऑइल काढावे आणि वायर, नळ्या सोडवण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करून छायाचित्र घ्यावे. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल यांत्रिकरीत्या मिसळणाऱ्या) गाडीत एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे इंजिन बसवायचे ठरल्यास वायरिंग, ईसीयू (ते नियंत्रण करणारा संगणक) आणि पेट्रोलपंपही बदलावे लागतात; माझ्या मते हा खटाटोप टाळून त्याच प्रकारचे इंजिन घ्यावे.

खरा वेळ मोजमापाला द्यावा. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बिडाचा आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे असल्यामुळे गाडी तापली असल्यास हेड वाकलेले असू शकते, म्हणून त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट तपासावी. सिलिंडर वरच्या, मधल्या व खालच्या पातळीवर, परस्परांना काटकोनात दोन दिशांनी मोजावेत. झीज मर्यादेबाहेर असेल, तर केवळ पिस्टनच्या नव्या रिंगा घालून ऑइल जळल्याचा धूर थांबत नाही, रीबोअर करून (सिलिंडर थोडे मोठे कोरून) ओव्हरसाइझ, म्हणजे त्या मापाचे मोठे पिस्टनच बसवावे लागतात. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने) आवळावेत. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, क्लचप्लेट आणि मागील ऑइलसील बदलून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. दुसरे इंजिन बसवले असल्यास त्याच्या खरेदीची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक नोंदवण्यासाठी आरटीओकडे अर्ज करावा.