झाडीपट्टीचं जुनं नाटक नेटवर सापडत नाही? या चुका टाळा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की वडशाच्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या, नाटक कंपन्यांची नाटकं गावोगावी रात्रभर रंगतात. त्यातला एखादा प्रवेश कुणीतरी मोबाइलवर टिपतो, यूट्यूबवर टाकतो. काही वर्षांनी तोच शोधायला बसलं की हाती काही लागत नाही, आणि आपण म्हणून मोकळे होतो, 'नेटवर नाहीच जी!' पुष्कळदा तो असतो, फक्त टाकणाऱ्यानं दिलेल्या नावाखाली.

म्हणून नाटकाचं नाव एकदाच देवनागरीत टाकून थांबू नका. शोध मुख्यतः शीर्षक आणि वर्णनातल्या शब्दांवर चालतो. 'वडसा' रोमन लिपीत कुणी व्हीनं लिहितो, कुणी डब्ल्यूनं, कुणी सरळ देसाईगंज. 'झाडी'चं स्पेलिंग झेडनंही होतं आणि जे-एचनंही. नाटकाचं नाव तर कित्येकदा नसतंच. गावाचं नाव आणि पुढं 'कॉमेडी' किंवा 'डान्स' एवढंच. सगळी रूपं आळीपाळीनं टाकून बघा.

नुसत्या कलावंताच्या नावावरही विसंबू नका. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावानं शोधलं की सन्मानाच्या बातम्याच आधी येतात. त्यांचा सन्मान झाला याचा आनंदच आहे, पण आपल्याला त्यांचं काम बघायचं असतं. 'पद्मश्री'आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह लावा. किंवा रोमनमध्ये 'बिफोर', लगेच कोलन आणि २०२३ लिहा, म्हणजे त्याआधीचं वर येईल.

व्हीसीडीवरून चढवलेल्या फिती हा वेगळाच खजिना आहे. तबकडीतल्या फाइलचं नाव ठरलेलं असतं, एव्हीसेक०१ (AVSEQ01). अनेकांनी ते न बदलताच व्हिडिओ चढवले. हे रोमनमध्ये टाकून सोबत गावाचं किंवा तालुक्याचं नाव जोडा.

टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. तिथली क्लिप दुसरीकडं दिसली तर कोपऱ्यातलं वापरकर्त्याचं नाव टिपून घ्या. तोच माणूस त्याच नावानं यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर असू शकतो.

व्हॉट्सॲपवरचं आणि फेसबुकच्या खासगी ग्रुपमधलं गूगलला दिसतच नाही. तिथं माणसंच गाठावी लागतात: नाट्यमंडळाचे जुने कार्यकर्ते, साउंडवाले आणि सगळ्यात आधी गावचा शूटिंगवाला. 'जुनं नाटक आहे का?' असं मोघम विचारू नका. कोणत्या मंडईचं, कोणत्या साली, कोणत्या कंपनीचं, हे सांगा. त्याची हार्ड डिस्क बहुधा तारखेनं आणि गावानंच लावलेली असते.