एमएमसी कन्व्हर्टरमधला कपॅसिटर रिपल कसा आटोक्यात आणायचा

मॉड्युलर मल्टिलेव्हल कन्व्हर्टर (एमएमसी) एसी-डीसी रूपांतर करतो. त्याच्या दर फेजला दोन आर्म, म्हणजे शाखा असतात, आणि आर्ममध्ये सबमॉड्यूल, म्हणजे कपॅसिटर आणि स्विचचे छोटे संच, ओळीने जोडलेले असतात. प्रत्येक सबमॉड्यूलचा कपॅसिटर आर्मच्या करंटनेच चार्ज-डिस्चार्ज होतो, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, राहणारच. तो मर्यादेत ठेवायचा, आणि नको असलेला वाढावा काढून टाकायचा.

उदाहरणाला ५ एमव्हीए, ११ केव्हीचा कन्व्हर्टर घेऊ. डीसी १८ केव्ही, दर आर्मला १० सबमॉड्यूल म्हणजे एकूण ६०, प्रत्येकावर १८०० व्होल्ट. दर एमव्हीएला ३५ किलोज्यूल साठा धरला, तर प्रत्येकी सुमारे १.८ मिलिफॅरड लागतात. कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलिन फिल्मचेच घ्या. पूर्ण लोडला पॉवर फॅक्टर १ असताना शिखरापासून तळापर्यंत सुमारे २१० व्होल्ट रिपल येतो. निव्वळ रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देताना तोच ३३० च्या आसपास जातो. म्हणून माप ठरवताना रिअ‍ॅक्टिव्ह लोडचाच आकडा धरा.

आता आर्म इंडक्टर. इथे घाईत निवड झाली की पुढचं कंट्रोलचं सगळं काम अडतं. इंडक्टर आणि कपॅसिटर यांचा १०० हर्ट्झला रेझोनन्स झाला तर सर्क्युलेटिंग करंट (एसी बाजूला न जाता आर्ममधूनच फिरणारा) फुगतो, आणि त्याबरोबर रिपलही. तो टाळायला इंडक्टर एका सीमेपेक्षा मोठा हवा. मॉड्युलेशन इंडेक्स (एसी फेज व्होल्टेजचं शिखर भागिले निम्मं डीसी) १ असताना ही सीमा ५N/(४८ω²C), म्हणजे इथे सुमारे ५.९ मिलिहेन्री; N म्हणजे दर आर्मचे सबमॉड्यूल, C एका सबमॉड्यूलचा कपॅसिटर आणि ω = २π × ५०. ८ मिलिहेन्री घ्या. कपॅसिटर जुने होऊन क्षमता थोडी घटली तरी सीमा ओलांडली जाणार नाही.

उरलेला १०० हर्ट्झचा सर्क्युलेटिंग करंट कंट्रोलने दाबा. दोन्ही आर्मच्या करंटची बेरीज निम्मी करा, त्यातून डीसी करंटचा तिसरा हिस्सा वजा करा आणि उरलेलं −२θ च्या डीक्यू फ्रेममध्ये (ग्रिडच्या कोनाच्या, θ च्या, दुप्पट वेगाने उलट फिरणाऱ्या अक्षांवर; तिथे १०० हर्ट्झचा करंट स्थिर दिसतो) नेऊन पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर लावा. चिन्ह चुकून +२θ झालं तर पीआयला स्थिर आकडा मिळत नाही, २०० हर्ट्झची लाट दिसते. गेन कितीही वाढवला तरी करंट हटत नाही. संतुलित ग्रिडला हा करंट निगेटिव्ह सीक्वेन्सचा, म्हणजे उलट फेजक्रमाचा असतो. ग्रिड असंतुलित असेल तर पॉझिटिव्ह (सरळ क्रमाचा) आणि झिरो (तिन्ही फेजमध्ये सारखा) सीक्वेन्सही येतात, तेव्हा प्रत्येक फेजला १०० हर्ट्झचा पीआर (प्रपोर्शनल-रेझोनंट) कंट्रोलर बरा. कंट्रोलमध्ये २५० मायक्रोसेकंदांचा उशीर असेल तर १०० हर्ट्झला ९ अंशांची फेज भरपाई द्या.

सर्क्युलेटिंग करंटमध्ये मुद्दाम दुसरा हार्मोनिक (१०० हर्ट्झ) घालूनही रिपल कमी होतो, पण आर्मचा आरएमएस करंट आणि लॉस वाढतात. कपॅसिटर वाढवायला जागाच नसेल तरच तो मार्ग धरा.

व्होल्टेज समतोल राखताना आर्म करंट चार्ज करत असेल तर सर्वात कमी व्होल्टेजचे सबमॉड्यूल आत घ्या, उलट असेल तर सर्वात जास्तीचे. प्रत्येक सॅम्पलला नवी क्रमवारी लावली तर आयजीबीटी (सबमॉड्यूलमधले ट्रान्झिस्टर स्विच) विनाकारण स्विच होऊन तापतात. ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेलेच बदला.

मोटर ड्राइव्हमध्ये तेवढ्याच करंटला रिपल वारंवारता घटेल तसा वाढतो. ५ हर्ट्झला कॉमन-मोड व्होल्टेज (तिन्ही फेजना सारखंच दिलेलं) आणि उच्च वारंवारतेचा सर्क्युलेटिंग करंट यांची जोडी घालावीच लागते.

मोजणीआधी डिस्चार्ज तपासा: एकेका कपॅसिटरमध्ये २.९ किलोज्यूल असतात. ३० किलोओहमच्या ब्लीडरने (कपॅसिटर रिकामा करणाऱ्या रेझिस्टरने) ५० व्होल्टच्या खाली यायला सव्वातीन मिनिटं लागतात.