उन्हाळ्यात लाईट बिल कमी कसं करायचं, खास नाशिककरांसाठी

मे महिन्याचं बिल आलं की आधी रुपये नका बघू, युनिट बघा. महावितरणचे घरगुती स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे, १००, ३००, ५०० युनिट आणि त्याच्या वर असे आहेत, आणि १०० च्या पुढे गेलात की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तुम्ही वाचवता ते युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं, म्हणून थोडी बचत पण बिलात चांगली दिसते.

सुरुवात मीटरपासून करा. दर रविवारी मीटरचा फोटो काढून ठेवा, आठवड्याला किती युनिट जातात ते कळलं की महिन्याचा अंदाज येतो. एकदा घरातलं सगळं बंद करून, फ्रिज आणि सेट टॉप बॉक्सचे प्लग पण काढून, मीटरवरचा लाल दिवा बघा. तरी लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये लीकेज असू शकतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवाच, हा पैशाचा नाही जिवाचा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्ट, नाशिकची हवा. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी आपल्याकडे रात्री उशिरा आणि पहाटे गार वारा सुटतो, मुंबईसारखी चिकचिक नसते. ह्याचा फायदा घ्यायचा. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाका (मच्छरसाठी जाळी लावून), आणि सकाळी नऊ-साडेनऊला ऊन चढायच्या आत सगळं बंद करून पडदे ओढा. बरेच लोक नेमकं उलटं करतात, दुपारी वारा यावा म्हणून खिडकी उघडतात आणि गरम झळा घरात घेतात.

सिडको, सातपूरकडच्या घरांमध्ये वरचा स्लॅब तापतो आणि रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, तिथे गच्चीवर पांढरा चुना किंवा हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेट बांधा, शेतीच्या दुकानात मिळते. आतल्या पडद्यापेक्षा ही जास्त कामाची, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडतं.

कूलर की एसी? माझं स्पष्ट मत, एप्रिल-मे मध्ये नाशिकला कूलरच. हवा कोरडी असल्यामुळे तो मस्त चालतो आणि तासाला साधारण ०.२ युनिट घेतो, दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड. फक्त कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा ठेवायचा आणि समोरची खिडकी थोडी उघडी, बंद खोलीत लावला तर दमटपणा साचून अजून घामाघूम व्हाल. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूचे डास. जूनमध्ये ढग आले की कूलरचा उपयोग संपला.

एसी लागतच असेल, घरात म्हातारी माणसं किंवा बाळ असेल तर जरूर लावा, पण २६ वर ठेवून सोबत पंखा स्लो. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा.

पंख्याकडे कोणी बघत नाही आणि तो सगळ्यात जास्त वेळ चालतो. जुना पंखा ७५ वॅटचा, रोज १५ तास धरले तर महिन्याला जवळपास ३४ युनिट, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास, म्हणजे १३-१४. घरात तीन पंखे असतील तर महिन्याला ६० युनिट कमी! सगळे एकदम नाही जमले तर आधी बेडरूमचा बदला.

गिझर मार्चपासून बंद, टाकीचं पाणी तसंही तापलेलं असतं. फ्रिज भिंतीपासून थोडा लांब ठेवा, गरम भांडं आत नको, दाराचं रबर सैल असेल तर बदलून घ्या.

आणि स्वतःची गच्ची असेल तर सोलरचा विचार कराच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर करा, आणि एजंटला पैसे द्यायच्या आधी तो तिथल्या नोंदणीकृत यादीत आहे का ते तपासा.