फिर्याद देताना चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांत गल्लत करू नका
सीताबर्डीच्या गर्दीत खिशातून नकळत मोबाईल गेला, तर ती चोरी होय. मात्र गळ्यातील मंगळसूत्र झटक्याने ओढून नेले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार तो ‘हिसकावून नेण्याचा’ स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्याच वेळी चाकू दाखवला, धक्का देऊन पाडले किंवा इजा केली असेल, तर प्रकरण जबरी चोरीचे, म्हणजे कलम ३०९ चे होते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत, तर इजा केली असल्यास जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर तो दरोडा.

म्हणून फिर्यादीत केवळ ‘मंगळसूत्र चोरीला गेले’ एवढेच लिहून देऊ नका. धमकी कोणत्या शब्दांत दिली, हत्यार होते का, किती जण होते, हे सर्व आठवून सांगा, कारण कलम याच तपशिलावर ठरते. घाबरलेल्या अवस्थेत नेमके हेच सांगायचे राहून जाते. बंद घरातून दागिने गेले असतील, तर कुलूप तोडल्याचाही उल्लेख आवर्जून करावा. प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. सही करण्यापूर्वी मजकूर शांतपणे वाचून घ्यावा.