जुनं क्रोनोग्राफ घड्याळ घेताना आधी तबकडी तपासा

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. मुंबईत जुनं क्रोनोग्राफ शोधायचं तर पाय चोर बाजाराकडेच वळतात (शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं बंद असतात). निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पन्नास वर्षांचं घड्याळ नव्यासारखं चमकत असेल, तर बहुधा ते कोणीतरी चमकवलेलं आहे. तबकडी रंगवलेल्या आणि इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक सर्रास 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं लागलेलं पाहून वाईट वाटतं, कारण बंद पडलेली यंत्रं पुन्हा चालती करणारे जाणते हातही याच गल्ल्यांत आहेत.

म्हणून सुरुवात तबकडीपासून. भिंगातून अक्षरं बघा. मूळ छपाईच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेषा खुणांशी जुळत नाहीत, छोट्या तबकड्यांमधल्या बारीक वर्तुळाकार रेघा रंगाखाली बुजलेल्या दिसतात. फिकट पडलेली, डाग पडलेली पण मूळ तबकडी मी तरी केव्हाही आधी उचलेन.

पहिल्या खरेदीसाठी जपानी सेको कंपनीचं 6139 उत्तम. 1969 साली आलेल्या या ऑटोमॅटिक यंत्रातलं स्टॉपवॉच कॉलम व्हीलवर (सुरू करणं, थांबवणं, शून्यावर आणणं सांभाळणारं खुंट्यांचं चाक) चालतं, आणि त्यातलंच एक घड्याळ अंतराळवीर विल्यम पोग यांनी 1973-74 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर वापरलं. त्याला हाताने चावी देता येत नाही, ते हलवूनच भरायचं. मागच्या झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा: 24 ने सुरुवात झाली तर एप्रिल 1972. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं असतात. तबकडीच्या तळाशी बारीक छापलेला क्रमांकही 6139 नेच सुरू व्हायला हवा.

स्विस घ्यायचं तर आत व्हाल्जू 7733, 7734 किंवा लँडेरॉन 48 यांपैकी यंत्र असलेली घड्याळं बघा. लँडेरॉन 48 मध्ये वरचं बटण फक्त सुरू करतं, खालचं आधी थांबवतं आणि पुन्हा दाबलं की शून्यावर आणतं. हे माहीत नसलं तर धडधाकट घड्याळ बिघडलेलं वाटतं.

मग चाचणी. क्रोनोग्राफ सुरू करून दहा मिनिटं चालू द्या. छोट्या तबकडीतला मिनिटं मोजणारा काटा मिनिटागणिक पुढे जातोय का? थांबवून शून्यावर आणल्यावर मोठा सेकंद काटा बरोबर बारावर येतो का? चालू असताना शून्यावर आणायचं बटण मात्र दाबू नका, त्यासाठी खास बनवलेली यंत्रं सोडली तर नुकसान होतं. त्यानंतर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पुढच्या दुकानात चला. आत गंज, झिजलेले स्क्रू किंवा झाकणाशी न जुळणारं यंत्र दिसलं तरी तेच.

किंमत ठरवताना सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच बोला, आणि घड्याळजीकडे सुटे भाग मिळतील का ते आधी विचारा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात ते हातात घालू नका. जुने रबर गॅस्केट पाणी अडवत नाहीत आणि आपली दमट हवा तबकडीवर लगेच डाग पाडते. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवा. सर्व्हिसिंगला देताना घड्याळजींना स्पष्ट सांगा: तबकडी रंगवायची नाही, केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं आवरण) पॉलिश करायची नाही, बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा.