रखमा तांडेलचा कागद : पहिले पात्र घडवणाऱ्यांसाठी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र चालवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्याकडे नव्याने वळणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, निवडण्याचा असतो. फायटर, म्हणजे योद्धा घे, सोपा पडेल. विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या वाटेला जाऊ नकोस, मंत्रांच्या याद्या वाचूनच दमशील. हा सल्ला वावगा नाही, पण पहिल्या पात्राच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे : पात्राचा किती भाग घरून लिहून आणायचा आणि किती भाग टेबलावर, इतरांच्या देखत घडू द्यायचा? ठाण्यात नौपाड्यातल्या एका मित्राच्या घरी रविवारी दुपारी जमणाऱ्या ज्या गटात मी हा खेळ शिकले, त्या गटाचे यावर ठाम मत होते. घरून जेमतेम तीन ओळी आणायच्या आणि बाकीचे रकाने कोरे सोडायचे. रखमा तांडेल हे माझे पहिले पात्र त्याच शिस्तीत घडले, म्हणून पुढचे सगळे तिच्या कागदाच्या आधाराने सांगते.

कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, पहिल्यांदा हातात आल्यावर नवखा माणूस बिचकतो, कारण त्यावर आकड्यांच्या चौकटी भरपूर असतात आणि माणसाविषयी लिहायला जागा थोडी. याचे मूळ खेळाच्या कुळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. तो निघाला सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून, आणि तिथे घाव किती बसला व तो कोणी किती सोसला याचा हिशेब ठेवणे हाच मुख्य व्यवहार होता. एकेका खेळाडूने पलटणीऐवजी एकच व्यक्ती चालवायची हा बदल फार मोठा होता, पण हिशेबाची सवय सुटली नाही. त्यामुळे जे मोजता येते तेच कागदावर ठळक दिसते आणि जे लक्षात राहणार असते त्याला समासात जागा शोधावी लागते.

आकडे तरीही समजून घ्यावेत, कारण त्यांच्याशिवाय खेळ चालत नाही. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव हे सहा मूळ गुण असतात. सहाबाजूंचे चार फासे टाकून सर्वांत लहान फासा वगळायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज लिहायची, ही एक रीत. १५, १४, १३, १२, १०, ८ असे तयार आकडे घेऊन हवे तिथे वाटायचे, ही दुसरी. फासे टाकण्यात मौज आहे हे खरे, पण पहिल्या खेपेला मी तयार आकडेच घ्यायला सांगते, कारण त्यात ८ हा आकडा कुठेतरी ठेवावाच लागतो आणि आपले पात्र कशात कच्चे आहे हे सुरुवातीलाच ठरून जाते. मूळ गुणातून १० वजा करून निम्मे करायचे आणि अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्यायचा. हा झाला मॉडिफायर. काही अवघड करायचे असेल तेव्हा वीसबाजूंचा फासा टाकून त्यात मॉडिफायर मिळवायचा. त्या कामाचे प्रशिक्षण असेल तर पहिल्या पातळीवर (पातळी म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) आणखी २ मिळतात, आणि ही बेरीज डंजन मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या खेळाडूने, मनात ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त भरली की काम फत्ते. पहिल्या दिवशी एवढे नियम पुरतात.

मी ठाणे पूर्वेला, चेंदणी कोळीवाड्याच्या शेजारी वाढले. खाडीत आता पूर्वीसारखी मासेमारी राहिलेली नाही, पण तांडेल (होडीचा प्रमुख), खलाशी, उधाण, भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) हे शब्द माझ्या कानावरून गेलेले होते. त्यामुळे पात्र कोण, असे विचारले गेले तेव्हा घनदाट जंगलातला एल्फ डोळ्यांसमोर उभा करण्यापेक्षा खाडीवर होडी चालवणारी बाई उभी करणे मला सोपे गेले. तीन ओळी अशा होत्या : रखमाच्या वडिलांची होडी जकातनाक्यावर जप्त झाली आहे. ती तिला परत हवी आहे. पैसे देऊन ती मिळणार नाही, हे तिला ठाऊक आहे. एवढेच. वडील हयात आहेत का, तिचे लग्न झाले आहे का, ती कोणत्या देवाला मानते, हे सगळे रकाने मोकळे होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्ग ‘रोग’ (इंग्रजीतला rogue), म्हणजे चोरपावलांनी वावरणारा, आणि पार्श्वभूमी खलाशाची. ८ हा आकडा मी ताकदीत टाकला. पात्राचा वंश माणसाचा असल्यामुळे प्रत्येक गुणात एकेक वाढला तरी ताकद ९ च झाली, म्हणजे उणे १. पण खलाशाच्या पार्श्वभूमीसोबत अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षण मिळते, त्याचे २ धरून पोहण्या-चढण्याच्या कामात तिला अधिक १ मिळू लागले. तिच्या दंडात बळ नाही, पण पाण्याची सवय आहे, हे मला एकाही वाक्यात लिहावे लागले नाही; दोन रकान्यांच्या बेरजेतून ते आपोआप निघाले. नियमांनी माणूस घडतो तो असा, आणि म्हणूनच आकड्यांना तुच्छ लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आमचा डंजन मास्टर म्हणजे मित्राचा थोरला भाऊ. सगळेच त्याला दादा म्हणत. त्याने रचलेल्या काल्पनिक बंदराचा किल्ला सरळ ठाण्याच्या किल्ल्यावरून उचललेला होता : पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि आज मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा असलेला. बंदराची माणसे, देव, राजे काल्पनिक असले तरी खाडीकाठचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा जकातनाका म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना जागा दिसत होती. नवख्यांसाठी ही फार मोठी सोय असते. दूरच्या देशातल्या बर्फाळ डोंगराचे वर्णन ऐकताना खेळाडू मान डोलावतो. ओळखीच्या चिखलाचे वर्णन ऐकताना तो प्रश्न विचारतो.

रखमा खऱ्या अर्थाने पात्र झाली ती अशाच एका प्रश्नामुळे. नाक्याच्या पहारेकऱ्यांना चुकवून खाडी ओलांडायची होती आणि पार्टीत, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीत, बराच वेळ खल चालला होता. कोणाला पहारेकऱ्यांना लाच द्यायची होती, कोणाला आग लावायची होती. मी दादाला विचारले, “आज तिथी कोणती?” तो क्षणभर थांबला. एवढ्या जगाची जुळवाजुळव केली होती, पण तिथी काही त्याने ठरवली नव्हती. “अमावास्या धर,” तो म्हणाला. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ साधारण निघते, हा हिशेब आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे. अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी, आणि दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा खूप आत ओढलेले. नाक्याची जड गस्ती होडी त्या वेळी गाळात बसलेली असणार आणि आमची हलकी होडी मधल्या उरलेल्या धारेतून निघू शकणार. हे सांगून झाल्यावर दादा म्हणाला, “तुला अ‍ॅडव्हान्टेज देतो. टाक दोन फासे.”

अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे वीसबाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. लपतछपत जाण्यात रखमाला अधिक ७ मिळत होते आणि गाठायचे होते १५, म्हणजे फाशावर ८ किंवा त्याहून जास्त हवे. एका फाशाने ही शक्यता ६५ टक्के असते, दोन फाशांनी ती ८८ टक्क्यांच्या जवळ जाते. तिथीच्या एका प्रश्नाने केवढा फरक पडला हे यावरून कळेल. आम्ही नाका पार केला.

आणि पुढे होडी उलटली. पाणी फिरले, धारेला जोर आला, दादाने अ‍ॅथलेटिक्सचा फासा मागितला. अधिक १ धरून १५ गाठायला फाशावर किमान १४ हवेत, पडले ६. अशा वेळी साधारण डंजन मास्टर “तू पाण्यात पडलीस, इतके हिट पॉइंट गेले” असे म्हणून पुढे जातो (हिट पॉइंट म्हणजे पात्राच्या जिवाचा आकडा). दादाने विचारले, “पडताना रखमाने हातात काय घट्ट धरलं होतं?” मी विचार न करता म्हणाले, “वल्हं.” पार्टीच्या पैशांची थैलीही रखमाकडेच होती, ती खाडीत गेली. टेबलावर आरडाओरडा झाला, आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने उपचार करणारे पात्र, खेळणारी मैत्रीण, सीएची परीक्षा देणारी असल्यामुळे तिला हा व्यवहार अजिबात न पटून, म्हणाली, “अगं, तुला ओढून बाहेर काढते, पण यापुढे थैली माझ्याकडे.” त्या दिवसापासून थैली क्लेरिककडे राहिली आणि रखमा प्रत्येक खर्चासाठी तिच्यापुढे हात पसरत राहिली. दोघींमधले भांडण, जिव्हाळा, एकमेकींना वाचवणे हे सगळे त्या एका उत्तरापाशी सुरू झाले. पात्राची पार्श्वभूमी म्हणून मी घरी बसून दहा पाने लिहिली असती तरी ‘पैशांपेक्षा वल्ह्याला घट्ट धरणारी’ हे त्यात आले असते असे मला वाटत नाही, कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नसता.

म्हणूनच लांबलचक पूर्वकथा आणणाऱ्या नवख्यांना मी हळूच अडवते. दहा पानांच्या पूर्वकथेत बहुतेक वेळा सूड असतो, आईवडील मेलेले असतात आणि पात्र एकटे, अबोल, कोणावर विश्वास न ठेवणारे असते. असे पात्र कादंबरीत शोभते. टेबलावर मात्र चार जण त्याच्याशी बोलायला बसलेले असतात आणि ते कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे असते, म्हणजे सगळ्यांची दुपार फुकट. पात्राला हवी असलेली गोष्ट अशी असावी की ती मिळवायला इतरांची मदत लागेल. गंमत अशी की ज्या वर्गाला लोक एकांडा समजतात त्या ‘रोग’ला नियमच माणसात आणतात : त्याचा जादा घाव, म्हणजे पहिल्या पातळीवरचा एक सहाबाजूचा जास्तीचा फासा, लागू होण्यासाठी अ‍ॅडव्हान्टेज तरी हवा किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला एखादा साथीदार तरी उभा हवा. रखमाला लढाईत कायम कोणाच्या तरी आडोशाला राहावे लागे, आणि त्यामुळे कोण कुठे उभे आहे इकडे माझे लक्ष लागले.

पात्र मरेल का, ही भीती प्रत्येक नवख्याला असते. पहिल्या पातळीवर रखमाचे हिट पॉइंट १० होते आणि धट्ट्याकट्ट्या शत्रूच्या दोन घावांत ते संपत. पण शून्यावर येणे म्हणजे लगेच मरण नसते. आपली पाळी आली की वीसबाजूंचा फासा टाकायचा; १० किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशे आधी झाली तर पात्र गेले. १ पडला तर दोन अपयशे धरतात आणि २० पडले तर पात्र एका हिट पॉइंटसह डोळे उघडते. दरम्यान कोणी उपचार केले की मोजणी तिथेच थांबते. टेबलावर चहाचे कप तसेच राहतात ते याच वेळी.

खर्चाविषयी थोडेसे, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. सुरुवातीला जाडजूड पुस्तके घेण्याची गरज नाही. मूळ नियमांचा मोठा भाग अधिकृतपणे मोफत मिळतो, आणि २०२३ च्या जानेवारीत पाचव्या आवृत्तीचा नियमसंदर्भ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. सात फाशांचा एक संच पुरे होतो, तोही नसेल तर मोबाइलवर फासे टाकता येतात. मात्र गट २०१४ चे नियम वापरतो की २०२४ चे, हे आधी विचारून घ्यावे. नव्या नियमांत मूळ गुणांतली वाढ पात्राच्या वंशाऐवजी पार्श्वभूमीवरून ठरते, त्यामुळे आज रखमा तयार केली तर तिचे आकडे वेगळे येतील.

पहिल्या बैठकीपूर्वी डंजन मास्टरशी एकदा नीट बोलावे. गोष्ट हसतखेळत जाणार आहे की काळोखी, कोणते प्रसंग कोणाला टेबलावर नको आहेत, आणि साधारण किती वाजता उठायचे, हे आधी ठरलेले बरे. वाशी-नेरुळकडून ट्रान्स-हार्बरने येणारी मंडळी गटात असतील तर शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बोलायला मराठी चालते का, हेही विचारावे. नियमांचे शब्द इंग्रजीच राहतात, त्याला इलाज नाही, पण पात्र आपल्या भाषेत भांडले की ते लवकर जिवंत होते.

उपवर्गांची, म्हणजे वर्गातल्या खास शाखांची, प्रकरणे मात्र आधी वाचू नयेत. ‘रोग’ला उपवर्ग निवडायचा असतो तो तिसऱ्या पातळीवर, आणि तिथवर पोहोचेपर्यंत आपले पात्र मारेकरी होणार की चोर, हे टेबलावरच्या प्रत्येकाला तुमच्याआधी कळलेले असते. रखमाचा उपवर्ग सुचवला तो क्लेरिकने, थैली मांडीवर ठेवून.