स्मार्ट स्विच सारखे ‘ऑफलाइन’ जातात? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातला स्मार्ट स्विच (वायफायला जोडलेला, मोबाईलवरून चालणारा) मी महिनाभरात तीनदा रिसेट केला. बटण दाबून धरायचं, छोटा दिवा लुकलुकायला लागला की मोबाईलवरून पुन्हा जोडायचा, नाव द्यायचं, संध्याकाळी सातचा टायमर नव्याने लावायचा. दोन दिवस सगळं सुरळीत, तिसऱ्या दिवशी परत ‘ऑफलाइन’. चौथ्यांदा हात बटणाकडे गेला तेव्हा आई म्हणाली, “अरे, नवा फ्रिज आलाय तेव्हापासूनच चाललंय हे.”

बरोबर होतं तिचं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या पाठीमागे कोंबलेला, आणि त्याच्या नि स्विचच्या अगदी मधे दोन दारांचा फ्रिज, म्हणजे वायफायच्या दृष्टीने पत्र्याची भिंतच. त्यात स्विच बसलाय तोही भिंतीतल्या लोखंडी बॉक्समध्ये. ॲपमध्ये वायफायचा सिग्नल उणे ८१ दाखवत होता (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). राउटर टीव्हीमागून काढून कपाटाच्या माथ्यावर ठेवला, आकडा उणे ६६ वर आला. तेव्हापासून तो स्विच एकदाही गेलेला नाही.

पहिली चूक, लगेच रिसेट करणं

रिसेट केल्यावर स्विच नव्याने सुरू होतो, त्यामुळे तो ‘बरा झाला’ असं वाटतं. खरं तर तेवढं काम एमसीबी (मेन बोर्डातला खटका) दहा सेकंद बंद करून चालू केला तरी होतं, आणि टायमर-बियमर पुसले जात नाहीत. त्याऐवजी आठवडाभर कागदावर फक्त एवढं लिहून ठेवा: कोणता स्विच गेला आणि किती वाजता. एकच स्विच सारखा जात असेल तर जागेत किंवा वायरिंगमध्ये शोधा. सगळे एकदम जात असतील तर राउटर धरा.

आणखी एक गोष्ट बघायची ती राउटरच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत. स्विच तिथे दिसतोय, पण ॲप ‘ऑफलाइन’ म्हणतंय? मग वायफाय बहुधा ठीक आहे. इंटरनेट बंद असेल किंवा कंपनीचा सर्व्हर. अशा वेळी भिंतीवरच्या बोर्डाशी झटापट करून काही उपयोग नाही.

सिग्नल बघायला लोक मोबाईल बोर्डाजवळ धरतात. चालतं, पण मोबाईलचा अँटेना स्विचपेक्षा कितीतरी चांगला आणि तो भिंतीच्या बाहेर. ॲप स्वतः स्विचचा आकडा दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवा. उणे ६५ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे ७५ च्या खाली गेला की कटकट सुरू.

लाइट गेली, आली, आणि स्विच हरवले

आपल्याकडे हे कारण सगळ्यात जास्त भेटतं. लाइट आल्यावर स्विच काही सेकंदांत जागा होतो आणि वायफाय शोधायला लागतो. राउटर आणि फायबरचा डबा (इंटरनेटची फायबर केबल येते तो) मात्र सावकाश उठतात, दोन-तीन मिनिटं सहज जातात. चांगले स्विच शोधत राहतात. काही स्वस्त मॉड्यूल (बोर्डाच्या आत बसवायचे छोटे स्मार्ट स्विच) थोडे प्रयत्न करून गप्प बसतात, ते नंतर एमसीबी खाली-वर केल्याशिवाय जागे होत नाहीत. राउटरला छोटा यूपीएस (लाइट गेली तरी चालू ठेवणारी बॅटरी) लावला की हा प्रश्न जवळपास मिटतो. दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच यूपीएस घ्या. आणि फक्त राउटरला लावून फायबरचा डबा विसरू नका, नाहीतर वायफाय चालू आणि इंटरनेट बंद अशी गंमत होते.

ॲपमध्ये ‘लाइट आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तो ‘बंद’वर ठेवा. आमच्याकडे पहाटे तीनला लाइट आली आणि घरभर दिवे लागले, तेव्हा हा पर्याय मला सापडला.

राउटरमधल्या चुका

वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, आणि बहुतेक स्मार्ट स्विच फक्त २.४ वर चालतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देऊन उपकरणांना स्वतःच इकडून तिकडे ढकलतात, त्यात स्विच गोंधळतात. दोन वेगळी नावं ठेवा. २.४ चा चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए-३ वर असेल तर २.४ साठी डब्ल्यूपीए-२ करून बघा. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, घरभर एकेक स्विच पुन्हा जोडत बसावं लागणार नाही.

न्यूट्रलचं दुखणं

स्मार्ट स्विचला स्वतः चालू राहायला फेजसोबत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर लागते. ज्या बोर्डावर सॉकेट असतो तिथे न्यूट्रल असतो. नुसते दिव्यांचे स्विच असलेल्या बोर्डात, विशेषतः जिन्यात, तो बऱ्याचदा नसतोच. म्हणून लोक ‘विना न्यूट्रल’चा स्मार्ट स्विच आणतात. हा स्विच स्वतःची वीज दिव्यातूनच खेचतो. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बवर ते खपून गेलं असतं. ५ वॅटच्या एलईडीमधून त्याला पुरेशी वीज मिळत नाही. मग दिवा बंद असूनही मंद फडफडतो आणि स्विच मधूनच वायफाय सोडतो. अशा स्विचसोबत बरेचदा छोटा कपॅसिटर येतो, तो दिव्याच्या टोकाला जोडायचा असतो. तो खोक्यातच राहिलेला असतो, हे मी दोन घरांत पाहिलंय.

इथे एक जीवघेणी चूक होते: न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या वायरीवर काम भागवणं. वायरमन “चालतं हो” म्हणाला तरी करू देऊ नका. स्विच चालेल, पण घरच्या अर्थिंगमधून प्रवाह वाहत राहील आणि ते कुठे तुटलं तर गीझरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झटका बसेल. बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद करून टेस्टर लावा, तेही जमत नसेल तर वायरमनच बोलवा.

गीझरचा विषय निघालाच आहे तर: ३ किलोवॅटचा गीझर साधारण १३ अँपिअर ओढतो. तो १० अँपिअरच्या मॉड्यूलवर लावला तर मॉड्यूल तापतं. वायफाय जाणं हा त्यातला लहान त्रास.

आमच्या जिन्यातल्या बोर्डात न्यूट्रल ओढायचा म्हणजे दोन मजल्यांची भिंत फोडायची. वायरमनने खर्च सांगितला आणि मी तिथे जुना साधा स्विच परत बसवला.